सेकंदाच्या हजाराव्या भागात किती मावतं?

मुंबईहून घोटी रेल्वेनं दीडशे किलोमीटरच्या आत आहे. कसारा घाट चढून इगतपुरी मागं टाकली की पुढचं ठळक गाव घोटीच. जाऊन-येऊन हे अंतर तीनशे किलोमीटरला थोडं कमी भरतं. प्रकाशाला एवढ्या प्रवासाला सेकंदाचा एक हजारावा भाग पुरतो. खेळाचं छायाचित्र काढणारा माणूस कॅमेऱ्याचं शटर साधारण तेवढाच वेळ उघडतो.

सेकंदाचा हजारावा भाग हा खेळाच्या छायाचित्रणातला रोजचा आकडा आहे. मैदानावर उभा असलेला छायाचित्रकार तो विचार न करता लावतो, जसा वाणी सवयीनं वजन टाकतो. पण हा आकडा हातात घेऊन मोजायला बसलं, तर ओळखीच्या खेळांची, ओळखीच्या माणसांची आणि आपल्या आवडत्या फोटोंची मापं पार बदलून जातात. घोटीच्या आसपासच्या डोंगरांत अशी दोन माणसं जन्मली, ज्यांच्या कामावर ही मापं फार स्वच्छ दिसतात. एक त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आणि दुसरी हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत.

हजाराव्या भागाचं माप

आधी हा भाग किती लहान आहे ते पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला क्रिकेटचा चेंडू एवढ्या वेळात ३.९ सेंटिमीटर पुढं सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा जास्त. म्हणूनच फोटोत चेंडू कडेला किंचित पुसट दिसतो. इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात आषाढात कोसळणारा पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं पडतो. हजाराव्या भागात तो ९ मिलिमीटर खाली येतो आणि फोटोत एक आखूड रेघ होऊन उमटतो.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. अंतिम फेरीतले त्याचे गुण ४५१.४. त्या रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर जाते, म्हणजे हजाराव्या भागात ३३ सेंटिमीटर. समोर ५० मीटरवर जे दहा गुणांचं वर्तुळ असतं, त्याचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर. गोळीला तिथवर पोचायला सेकंदाचा साधारण सहावा-सातवा भाग लागतो. अंतिम फेरीत त्यानं चाळीसहून जास्त गोळ्या झाडल्या; त्या साऱ्यांचा हवेतला वेळ एकत्र केला तरी सात सेकंदांच्या आसपास भरतो. सात सेकंदांच्या उड्डाणावर एक ऑलिम्पिक पदक! छायाचित्रकाराला गोळी कधीच दिसत नाही. तो नेमबाजाचा डोळा टिपतो, श्वास रोखलेला चेहरा टिपतो, कारण सगळा खेळ तिथंच चाललेला असतो.

आता मोठा गुणाकार. एखाद्या छायाचित्रकारानं आयुष्यभरात दहा लाख फोटो काढले असं धरा. प्रत्येक फोटोला सेकंदाचा हजारावा भाग. एकूण किती वेळ कॅमेऱ्यात गेला? एक हजार सेकंद. सोळा मिनिटं आणि चाळीस सेकंद. दहा लाख वेळा बोट दाबून, उन्हापावसात मैदानाच्या कडेला आयुष्य काढून, त्याच्या हाती जगाची सतरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. त्यातला एखादा फोटो तो पुढं घरात भिंतीवर लावतो आणि विचारल्यावर म्हणतो, हा माझा आवडता.

एक शर्यत, सत्तावन्न हजार चित्रं

२०१० सालचा नोव्हेंबर. चीनमधल्या ग्वांगझू शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. महिलांची १० हजार मीटरची शर्यत, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला २५ फेऱ्या. केरळची प्रीजा श्रीधरन ३१ मिनिटं ५०.४७ सेकंदांत पहिली आली. सावरपाड्याची कविता राऊत ३१ मिनिटं ५१.४४ सेकंदांत दुसरी. दोन्ही भारतीय. त्याआधीच्याच महिन्यात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कवितानं याच अंतरात कांस्य जिंकलं होतं. राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वर्तमानपत्रं तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणत.

कविताचा त्या शर्यतीतला सरासरी वेग सेकंदाला सव्वापाच मीटर. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती पाच मिलिमीटर पुढं गेली, घोटीच्या गिरणीतून निघणाऱ्या तांदळाच्या एका दाण्याएवढी. त्या शर्यतीतला तिचा कुठलाही फोटो घ्या, त्यात दहा किलोमीटरमधलं तेवढंच अंतर आहे. फोटोत एक दाणा, शर्यतीत वीस लाख दाणे.

आणि वीस लाख हा आकडाही छोटाच म्हणायचा. लांब पल्ल्याच्या धावपटूला आठवड्याला शंभर किलोमीटर सराव ही नेहमीची गोष्ट असते. पुष्कळजणी त्याहून जास्त धावतात. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर पाच हजार किलोमीटर, पाच वर्षांचे पंचवीस हजार. भाग द्या पाच मिलिमीटरनं. उत्तर येतं पाचशे कोटी. पदकाच्या शर्यतीतला एक फोटो हा त्या पाच वर्षांच्या धावण्याचा पाचशे कोटीवा हिस्सा असतो. राहिलेल्या हिश्श्यांच्या वेळी रस्त्यावर कॅमेरा नसतो. असते ती पहाट, चढ आणि घड्याळ घेऊन उभा असलेला प्रशिक्षक.

आता उलट बाजूनं मोजू. आजच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांपैकी कित्येक सेकंदाला ३० फोटो काढतात. असा कॅमेरा घेऊन कोणी कविताची ती शर्यत पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सलग टिपली असती, तर ३१ मिनिटं ५१ सेकंदांत सुमारे ५७ हजार ३०० फोटो झाले असते.

इथं मला त्र्यंबकेश्वरची आठवण येते. ३० एप्रिल १८७० रोजी तिथं जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके चित्रपटाकडं वळण्याआधी छायाचित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात त्यांनी फोटो स्टुडिओ चालवला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला. त्याच्या चित्रीकरणाला सहा महिने २७ दिवस लागले होते आणि फिल्मची लांबी होती ३७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे अख्ख्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये सुमारे ५९ हजार २०० चित्रं.

कविताची एक शर्यत आणि फाळक्यांचा एक चित्रपट, चित्रांच्या संख्येत जवळजवळ सारखे! भारतीय चित्रपटसृष्टी जिच्यातून उभी राहिली ती सगळी मेहनत, तो हातानं फिरवलेला कॅमेरा, ते फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी घरात धुतलेल्या-जोडलेल्या फिल्मचे तुकडे, त्या साऱ्यातून जेवढी चित्रं आली, तेवढी आज मैदानाच्या कडेला बसलेला एक माणूस अर्ध्या तासात काढू शकतो.

आणि प्रत्येक चित्रात किती तपशील? साडेचार कोटींहून जास्त बिंदू टिपणारे कॅमेरे आता खेळाच्या मैदानांवर सर्रास दिसतात. साडेचार कोटी गुणिले तीस. सेकंदाला सुमारे १३५ कोटी बिंदू. भारताच्या लोकसंख्येच्या जवळ जाणारा हा आकडा, दर सेकंदाला, एका तळहाताएवढ्या यंत्रात.

वेळ दाबणारा आणि वेळ ताणणारा

फाळक्यांचा आणखी एक प्रयोग या हिशोबात मानानं बसतो. 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं करायचं, तर लोकांना हे माध्यम काय करू शकतं ते दाखवायला हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून जास्त काळ थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ती सगळी वाढ मिनिटाहून थोड्या जास्त वेळात दिसली. बी फुटलं, कोंब वर आला, पानं उघडली. लोक थक्क झाले आणि भांडवल देणारेही मिळाले.

एका महिन्यात ४३ हजार २०० मिनिटं असतात. ती सारी मिनिटाभरात आली, म्हणजे फाळक्यांनी वेळ चाळीस हजार पट दाबला.

आता २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जा. धावण्याच्या शर्यतींच्या अंतिम रेषेवर ओमेगाचा जो फोटो-फिनिश कॅमेरा लावला होता, तो सेकंदाला ४० हजार चित्रं घेत होता. एकानं चाळीस हजार मिनिटं एका मिनिटात आणली, दुसऱ्यानं एका सेकंदाचे चाळीस हजार तुकडे केले. त्र्यंबकच्या माणसानं १९१२ च्या सुमाराला कुंडीसमोर बसून वेळाला जेवढं आवळलं, तेवढंच शंभराहून जास्त वर्षांनी पॅरिसच्या यंत्रानं त्याला ताणलं. अशा एका तुकड्यात प्रकाशसुद्धा साडेसात किलोमीटरच जातो. घोटीहून निघाला तर इगतपुरीच्या स्टेशनात पोचायच्या आत चित्र घेऊन झालेलं असतं.

फोटो-फिनिशचं चित्र आपल्या नेहमीच्या फोटोसारखं नसतं, आणि ते कसं बनतं हे समजलं की त्यातली गंमत दुप्पट होते. तो कॅमेरा अख्खं मैदान बघतच नाही. त्याला दिसते ती फक्त अंतिम रेषा, एक उभी बारीक फट. त्या फटीतून जे काही जातं त्याचे पातळ उभे काप तो घेत राहतो आणि एकाशेजारी एक लावत जातो. त्यामुळं त्या चित्रात डावीकडून उजवीकडं अंतर नसतं, वेळ असतो. धावपटूचा पाय रेषेवर क्षणभर टेकला तर चित्रात तो विचित्र लांब दिसतो, कारण तो रेषेवर जास्त वेळ थांबला. सगळे धावपटू एकाच रेषेवर, पण वेगवेगळ्या वेळी. निकाल छातीवरून लागतो. डोकं, हात, पाय आधी पोचले तरी उपयोग नाही.

पॅरिसमध्ये पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नोआ लाइल्स ९.७८४ सेकंदांत आला आणि किशेन थॉम्पसन ९.७८९ सेकंदांत. फरक सेकंदाचा पाच हजारांश. त्या वेगाला हे अंतर पाच सेंटिमीटरच्या आसपास. मैदानावर बसलेल्या माणसाला, टीव्हीवर बघणाऱ्याला, खुद्द त्या दोघांनाही कळलं नाही कोण जिंकलं. पण त्या कॅमेऱ्यासाठी दोघांच्या छात्यांमध्ये दोनशे काप होते, ऐसपैस अंतर.

एका फ्रेमचं अंतर

खेळाचे छायाचित्रकार वेळ सेकंदात मोजत नाहीत, फ्रेममध्ये मोजतात. त्यांच्या मापानं आपल्या तीन जुन्या-नव्या निकालांकडं बघू.

१९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१ सेकंदांत तिसरी, आपली पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथी. फरक सेकंदाचा शंभरावा भाग, अंतर सात सेंटिमीटर. त्या ऑलिम्पिकसाठी कॅनननं खास वेगवान कॅमेरा बनवला होता, सेकंदाला १४ फोटो काढणारा. एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत सेकंदाचा चौदावा भाग जायचा. उषाचं पदक ज्या फटीतून निसटलं, ती फट त्या कॅमेऱ्याच्या दोन फोटोंमधल्या अंतराच्या सातव्या हिश्श्याएवढी होती. शिवाय रोलमध्ये फोटो असायचे ३६. बोट दाबून धरलं तर अख्खा रोल अडीच सेकंदांत संपायचा. अधीर होऊन आधी दाबलं की धावपटू रेषेवर पोचायच्या वेळी कॅमेरा रिकामा. त्या पिढीचे छायाचित्रकार वाट बघायला शिकले ते या हिशोबामुळं.

२०१०, ग्वांगझू. प्रीजा आणि कवितामधला फरक ०.९७ सेकंद. त्या वर्षीचे चांगले कॅमेरे सेकंदाला नऊ-दहा फोटो काढत. दोघींच्या मध्ये नऊ-दहा फ्रेम्स. पाच-सहा मीटर. एक भारतीय पुढं, एक भारतीय मागं, आणि दोघींनाही एकाच चौकटीत घ्यायला पुरेशी जागा.

२०२२, बर्मिंगहॅम. ६ ऑगस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत पुरुषांची ३ हजार मीटर स्टीपलचेस. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. या शर्यतीची पदकं १९९८ पासून दर खेपेला तिन्हीच्या तिन्ही केनियाकडं जात होती. केनियाचा अब्राहम किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंदांत आला, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंदांत. फरक ०.०५ सेकंद. सेकंदाला २० फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात ही बरोबर एक फ्रेम. सोनं आणि चांदी यांच्यामध्ये एक फोटो. साबळेच्या सरासरी वेगानं मोजलं तर जेमतेम एक फूट.

या ०.०५ सेकंदाचे आणखी तुकडे करून बघा. स्टीपलचेसमध्ये २८ लाकडी अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या, एकूण ३५. पन्नास हजारांश सेकंद पस्तिसात वाटला तर प्रत्येक अडथळ्याच्या वाट्याला सेकंदाचा सातशेवा भाग येतो. प्रत्येक उडीला कॅमेऱ्याच्या दीड क्लिकएवढा वेळ वाचला असता, तर सोनं मांडव्याला आलं असतं. हा आकडा साबळेला कमी लेखणारा मुळीच नाही. चोवीस वर्षं केनियानं ज्या शर्यतीत दुसऱ्या कोणाला पदकाजवळ फिरकू दिलं नव्हतं, तिथं बीडच्या कोरडवाहू गावातला सैनिक पहिल्या क्रमांकापासून एका फ्रेमच्या अंतरावर येऊन उभा राहिला. राष्ट्रीय विक्रमही त्याच धावेत झाला.

आणखी एक योगायोग सांगतो. व्यावसायिक कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर साधारण चार ते पाच लाख क्लिक टिकावं अशा बेतानं बनवतात. पाच लाख क्लिक, प्रत्येकी सेकंदाचा हजारावा भाग. शटरचं अख्खं आयुष्य पाचशे सेकंदांचं, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंद. साबळेची शर्यत ८ मिनिटं ११ सेकंदांची. एक कॅमेरा जन्मभरात जेवढा वेळ डोळा उघडतो, जवळजवळ तेवढ्या वेळात साबळेनं पस्तीस अडथळे पार केले.

छायाचित्रकारांना काय आवडतं

एवढे आकडे पाहिल्यावर वाटेल की जितकी यंत्रं वेगवान, तितके आवडते फोटो जास्त. छायाचित्रकारांना विचारलं तर उत्तर निराळं येतं.

अमेरिकेचे नील लायफर हे खेळाच्या छायाचित्रणातलं फार मोठं नाव. मे १९६५ मध्ये सॉनी लिस्टन खाली पडलेला आणि त्याच्यावर ओरडणारा मुहम्मद अली, हा त्यांचा फोटो जगभर पोचला. तेव्हा लायफर बावीस वर्षांचे होते. पण स्वतःचा सगळ्यात आवडता फोटो म्हणून ते दुसरा सांगत आले आहेत. १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन. अली विरुद्ध क्लीव्हलंड विल्यम्स. लायफर यांनी रिंगच्या ८० फूट वर, थेट डोक्यावर कॅमेरा टांगला होता. फोटोत चौकोनी पांढरी रिंग, एका कोपऱ्याकडं आडवा पडलेला विल्यम्स आणि दुसरीकडं हात उंचावून चालणारा अली. पहिल्या फोटोत जागेचं नशीबही होतं, दुसऱ्यात आधीपासून केलेला विचार. लायफर यांनी घरातल्या भिंतीसाठी हा दुसरा फोटो निवडला.

२०१६, रिओ. १०० मीटरच्या उपांत्य शर्यतीत उसेन बोल्ट धावता धावता बाजूला बघून हसतो, असा कॅमेरून स्पेन्सर यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यासाठी त्यांनी शटर मुद्दाम मंद ठेवलं होतं, सेकंदाचा चाळिसावा भाग. तेवढ्या वेळात बोल्ट सुमारे तीस सेंटिमीटर पुढं गेला. कॅमेरा त्याच्याच वेगानं फिरवत नेला म्हणून चेहरा स्वच्छ आला आणि बाकी धावपटू, प्रेक्षक, मैदान पुसट झालं. छायाचित्रकार याला पॅनिंग म्हणतात. यात फोटो बिघडण्याची शक्यताच जास्त. हजारावा भाग लावला असता तर सगळे आठजण स्वच्छ आले असते आणि बोल्टचा वेग चित्रातून नाहीसा झाला असता.

२९ जुलै २०२४. ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहिती बेटावरच्या तेआहुपो इथं होतं. ब्राझीलच्या गाब्रिएल मेदिनानं एका लाटेवर ९.९० गुण मिळवले आणि लाटेच्या पाठीवरून हवेत उडी घेतली. एक हात वर, बोट आकाशाकडं, शेजारी त्याची पाटी तशीच उभी. फ्रान्सच्या जेरोम ब्रुइये यांनी बोटीतून हा फोटो काढला. लाटेमागून मेदिना बाहेर येईल एवढं त्यांना ठाऊक होतं. दिसत मात्र नव्हता. तो वर आला आणि ब्रुइये यांनी चार फोटो काढले. फक्त चार. त्यातला एक जगानं पाहिला.

टांगलेला एक कॅमेरा, मंद केलेलं एक शटर, चार क्लिक. तिन्ही चित्रांसाठी मिळून कॅमेरे उघडे राहिले तो वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी. त्यांच्यामागं आहे ती जागेची निवड, खेळाची जाण आणि पुढं काय होणार याचा अंदाज.

अंदाज का लागतो, तेही आकड्यात सांगता येतं. डोळ्यांनी पाहिलं आणि बोटानं दाबलं, यात माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात वेगवान धावपटू दोन मीटर निघून जातो, तीस फोटोंच्या कॅमेऱ्यात सहा फ्रेम्स सरतात. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यांत तर फोटो घेताना आरसा वर उचलला जाई आणि त्या क्षणी छायाचित्रकाराच्या डोळ्यासमोर अंधार होई. ज्या क्षणाचा फोटो निघाला तो क्षण काढणाऱ्यानं स्वतः पाहिलेलाच नसे. आताचे काही कॅमेरे बोट दाबण्याच्या आधीच्या सेकंदातली चित्रंसुद्धा राखून ठेवतात. उशिरा दाबणाऱ्याला ते वाचवतात. पण कॅमेरा कुठं रोखायचा हे तेव्हाही माणसालाच ठरवावं लागतं.

हेच गणित इगतपुरी-त्र्यंबकच्या शाळांच्या मैदानावर लागू पडतं. कबड्डीतली एक चढाई तीस सेकंदांची. तीस सेकंदांत नऊशे फोटो काढता येतील. पण चढाईचा जीव असतो तो परत येताना, मागून पायाला मिठी पडलेली असताना मध्यरेषेकडं ताणलेल्या बोटांत. ज्यानं कबड्डी खेळली आहे किंवा वर्षानुवर्षं पाहिली आहे, तो छायाचित्रकार रेषेच्या टोकाला जाऊन बसतो आणि बोटांची वाट बघतो. खेळ न कळणाऱ्याच्या नऊशे फोटोंत ती बोटं असतीलच असं नाही.

निवडण्याचा वेळ

कधीकधी आकडा शून्यही असतो. क्रिकेट विश्वचषकात १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी १७ धावांत बाद झाले होते. तिथून कपिल देवनं १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचं चलचित्रण झालंच नाही. १६ चौकार, ६ षटकार आणि त्यातला एकही हलताना बघायची सोय नाही. आहेत ती थोडी स्थिर छायाचित्रं. भारतीय क्रिकेटची दिशा बदलणारी खेळी आज डोळ्यांनी बघायची तर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या काहीजणांनी दाबलेल्या काही क्लिकांवरच अवलंबून राहावं लागतं. त्या साऱ्या फोटोंचा मिळून वेळ एका सेकंदाच्याही आत भरेल.

आज उलटी अडचण आहे. कविताच्या शर्यतीची ती ५७ हजार ३०० चित्रं खरोखर काढली आणि प्रत्येकाकडं फक्त एक सेकंद पाहिलं, तरी जवळजवळ सोळा तास लागतील. शर्यत अर्ध्या तासाची, बघणं दोन दिवसांचं काम. मोठ्या वृत्तसंस्था यासाठी माणसं बसवतात; मैदानातून निघालेला फोटो तारेवरून त्यांच्यासमोर येतो आणि ती माणसं निवडत राहतात. शाळेच्या क्रीडा महोत्सवाला, तालुक्याच्या धावण्याच्या शर्यतीला अशी माणसं नसतात. तिथले हजारो फोटो फोनमध्ये राहतात, फोन बदलला की जातात, आणि उरले तरी कोणाचे, कुठले, कोणत्या वर्षीचे हे दोन पावसाळ्यांत कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून घोटीपासून हरसूलपर्यंत जिथं जिथं शाळेचं मैदान आहे, तिथल्या शिक्षकांना आणि फोटोवाल्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. काढा हवे तेवढे फोटो. पण स्पर्धा संपल्यावर एक संध्याकाळ बसून प्रत्येक मुलामुलीचा एक फोटो निवडा. कागदावर छापा आणि मागं लिहा: नाव, शाळा, गाव, खेळ, अंतर, वेळ, तारीख. आदिवासी पाड्यावरच्या मुलीला आपण धावताना कशा दिसतो हे बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. पुढं ती देशासाठी धावली तर तिच्या सुरुवातीचा पुरावा जपलेला असेल, आणि धावली नाही तरी ती धावली होती हे तिच्या घरात कायम राहील.

यंत्र आता सेकंदाचे चाळीस हजार तुकडे करतं आणि उद्या लाख करेल. त्यातला कोणता तुकडा जपायचा, हे ठरवायला मात्र माणसाला अख्खी संध्याकाळ लागते. ती संध्याकाळ मुलांना द्या.